अकरा फळ्यांचं गाढव

एका सभ्य, साठीच्या, काळी टोपी घालणाऱ्या वकिलांना मी गाढवाचे कान लावलेले आहेत. ते अकोल्याला होते, मी अमरावतीला. मध्ये बडनेरा, मूर्तिजापूर आणि सगळी काळी जमीन. इतक्या लांबून कान लावणं सोपं नसतं, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. शिवाय ते कान त्या वकिलांनीच स्वतःच्या हातानं चादर ओढून भरल्या मांडवाला दाखवले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते, आणि माझ्याइतकी हुशार मुलगी अमरावतीच्या अख्ख्या अंबागेटात दुसरी नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. चूक करायला एवढं भांडवल पुरतं.

पण कान कळायचे तर आधी आमचे ड्रॉइंग मास्तर कळायला हवेत. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडलंही नसतं. "ड्रॉइंग मास्तर म्हटलं का समजते ना? मंग नाव कायले खर्च करता?" असं म्हणाले असते.

हा माणूस शब्द असे जपून वापरायचा की जणू संपले तर पुन्हा मिळणार नाहीत. सोमवारी शाळेत आले की "नमस्कार" म्हणायचे. मंगळवारपासून शनिवारपर्यंत फक्त एक बोट वर. म्हणजे सोमवारचा नमस्कार अजून चालू आहे असं समजायचं. वर्गात हजेरी घेताना म्हणायचे, "नाही ते बोला." मुली खोखो हसायच्या. जी नाही ती बोलणार कशी? मास्तर गंभीरपणे सांगायचे, "आल्या त्या दिसूनच राहिल्या. त्यांची नावं वाचून काय नवीन समजते?" आणि रिकाम्या जागांकडे पाहून अर्ध्या मिनिटात हजेरी संपवायचे. माझ्या आधीच्या मदतनीस बाई त्यांना कंटाळून सोडून गेल्या होत्या. मी टिकले, कारण शिवणाचा एक तास आणि मास्तरांच्या हाताखाली दोन, एवढंच काम होतं आणि मास्तर बोलत नसल्यामुळे बोलायला मला भरपूर वाव होता.

जेवायला ते एका खानावळीत जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं: ज्वारीच्या दोन भाकरी, वरण, तिखट कमी, ठेचा वेगळा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल." तिसऱ्या दिवशी, "काल, कांदा जास्त." चौथ्या दिवशी पुन्हा "काल." असं दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी खानावळवाल्याचा जुना वाढपी गावी गेला आणि नवा आला. मास्तर बसले, म्हणाले, "काल." नवा म्हणाला, "काल मी नव्हतो जी." मास्तर पाच मिनिटं त्याच्याकडे पाहत राहिले. दोन वर्षांतले सगळे बदल उलटे मोजत पहिल्या दिवसापर्यंत जायचं, म्हणजे उपाशी राहिलेलं बरं. ते उपाशी उठले. शाळेत येऊन मला म्हणाले, "नवा माणूस आला का सारं पहिल्यापासून सांगा लागते. हे ध्यानात ठेवजा." मी ध्यानात ठेवलं नाही. मी हसत होते.

त्यांची बायको आणि मुलगी बाळापूरला, त्यांच्या भावाच्या घरी राहायच्या. मास्तर सहा वर्षं हंगामी होते. कायम झाल्याशिवाय बिऱ्हाड करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दर शनिवारी एक पोस्टकार्ड जायचं. ती कार्डं टाकायला मीच न्यायचे, आणि उघडं कार्ड वाचू नये असा कायदा त्या काळी नव्हता. निदान मी पाळत नव्हते. कार्डावर असायचं: "मागच्याप्रमाणे. फक्त खोकला गेला." उत्तर यायचं: "इकडेही. फक्त पोरगी अक्षरं गिरवू लागली." मला त्या वयात हे फार विनोदी वाटायचं. आता त्या 'फक्त'वर माझं बोट अडकतं.

चित्र शिकवायची त्यांची पद्धतही अशीच. चौकटीच्या कागदाशिवाय ते पेन्सिलीला हात लावू देत नसत. एक चौकोन काळा किंवा एक चौकोन पांढरा. कापसाचं शेत काढायला सांगितलं आणि मुलगी चौकोन मोजू लागली, "पांढरा, पांढरा, पांढरा..." तर मास्तर कानांवर हात ठेवायचे. "अवं, तेच तेच कावून सांगतं? 'पांढरे चाळीस' म्हण आणि पुढं चाल!" हे त्यांना बाळापूरला सुचलं होतं. लहानपणी त्यांच्या शेजारी सतरंज्यांचा माग होता. एक विणकर पाहून सांगायचा, "लाल बारा, पांढरे तीन," आणि दुसरा न पाहता विणायचा. न पाहणाऱ्याच्या हाताखाली मोर उमटायचा. सात वर्षांच्या पोराला ते पाहून जे झालं ते पुढं कधी उतरलं नाही. 

एकदा एका मुलीनं आंबा काढून खाली 'आंबा' लिहिलं होतं. आंब्याच्या एका अंगाचे चार चौकोन गळाले होते. मास्तर काही बोलले नाहीत. पण अक्षराच्या डोक्यावरचा अनुस्वार राहून 'आबा' झालं होतं, त्यावर असे कडाडले की शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई दारात आल्या. "आंब्यात चुकलं तं चालते, डोळा सांभाळून घेते. ढगात चुकलं तं समजतही नाही. पण अक्षरात एक ठिपका गेला का मतलबच गेला!" त्या वर्षी त्यांच्या शब्दांचा सगळा साठा त्या एका दिवशी खर्च झाला असावा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या संस्थेच्या दोन शाळा होत्या: एक आमची, दुसरी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. दोन्हींचे अध्यक्ष हे वकीलसाहेब. दोन्ही शाळांत नुकतेच फोन आले होते. आमच्या मोठ्या बाईंनी आमच्याकडच्याला क्रोशाचं झाकण घातलं होतं. वकीलसाहेब तपासणीला आले तेव्हा मास्तरांना म्हणाले, "मास्तर, सहा वर्षं झाली, तुमी चौकोनच काढून राहिले. पोरी ड्रॉइंगच्या परीक्षेले बसत नाहीत."

मास्तर म्हणाले, "साहेब, मी तुमचं तोंड तीन मिनिटांत अकोल्याले पाठवतो."

"माझं तोंड मी स्वतःच गाडीनं नेतो ना."

"गाडीले चार तास लागते."

वकीलसाहेबांना युक्तिवाद आवडत असावा. म्हणाले, "बरं. तिकडच्या शाळेच्या संमेलनाले पाठवा. अकोल्याच्या मांडवात, लोकांच्या समोर. जमलं तं कायम करतो. नाही जमलं तं उन्हाळ्यानंतर दुसरा ड्रॉइंग मास्तर पाहीन."

तीन मिनिटं म्हणजे एक ट्रंककॉल. त्यानंतर ऑपरेटर मध्ये तोंड घालून म्हणायची की वेळ संपली. मास्तरांनी अकोल्याला, फोनच्या खिडकीला लागून मांडवाच्या जागी, एक मोठी चौकट बसवून घेतली. वीस उभ्या रांगा, सोळा आडव्या. तीनशे वीस छोट्या फळ्या, प्रत्येक तारेवर ओवलेली. एक बाजू चुन्याची पांढरी, दुसरी काजळीची काळी. मागून हात लावला की फळी फिरायची आणि पुढच्या लोकांना ठिपका दिसायचा. मागच्या बाजूनं आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले होते, कारण पहिल्या खेपेला आमच्या अकोल्याच्या शिवणाच्या बाई, माझी मैत्रीण सुमन, हिनं फिरवलेला 'अ' पुढून आरशातल्यासारखा दिसला होता. याशिवाय मास्तरांनी दोन सारख्या वह्या केल्या होत्या, एक इथं, एक सुमनकडे. त्यात तयार तुकडे होते, नंबर घालून. डोळा चार, मिशी दोन, पाकळी सहा. फोनवर "मिशी दोन, ज ओळ, नवव्या घरापासून" म्हटलं की झाली मिशी.

तरी सगळं चेहऱ्याचं चित्र सांगायला साडेचार मिनिटं लागायची. मास्तरांनी आठ दिवस डोकं धरून बसून उपाय काढला. आदल्या संध्याकाळी सरावाच्या कॉलमध्ये कमळ पाठवायचं. ते रात्रभर चौकटीवर चादरीखाली राहील. दुसऱ्या दिवशी कमळाचा वकील करायचा. कमळात आणि वकीलसाहेबांत जे सारखं आहे ते सांगायचंच नाही. जे बदलतं तेवढंच सांगायचं. मी मोजलं: कमळापासून वकीलसाहेबांपर्यंत त्र्याहत्तर फळ्या. 

"पण एक नेम आहे," मास्तरांनी मला आणि चिठ्ठीनं सुमनला बजावलं. "तिकडच्या चौकटीवर जे आहे तेच इकडच्या माझ्या कागदावर असलं पाहिजे. इकडून सांगितल्याशिवाय तिकडं कोणी फळीले बोट लावाचं नाही."

माझी नात हल्ली इथं अमरावतीत जेवणाच्या टेबलावर बसून बंगलोरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालवते. तिकडचा पडदा इकडे दिसतो. मी विचारलं, एवढं मोठं चित्र तारेतून सारखं येतं कसं? ती म्हणाली, "आजी, अख्खं येत नाही गं. बदललेला तुकडाच येतो. सगळं पांढरं असेल तर एवढं पांढरं, एवढंच सांगतात." मी म्हटलं, "आणि तिकडे एक आहे, इकडे दुसरंच धरून बसलेत, असं झालं तर?" ती म्हणाली, "तर सगळा विचका होतो." मी मान डोलावली. या विषयात माझा अधिकार आहे हे तिला अजून माहीत नाही.

सरावाच्या संध्याकाळी कमळ एक मिनिट पन्नास सेकंदांत पोचलं. सुमन समोर जाऊन पाहून आली आणि फोनमध्ये ओरडली, "कमळ आलं! हुबेहूब!" मास्तरांना इतका आनंद झाला की ते मोठ्या बाईंना सांगायला खोलीबाहेर पळाले. पळताना मी त्यांना एकदाच पाहिलं, तेव्हा. रिसीव्हर माझ्या हातात, आणि मिनिटभर शिल्लक.

"अवं, अजून टाइम आहे ना," सुमन म्हणाली. "काहीतरी गंमत पाठव ना!"

मी मास्तरांच्या कागदावर पाहिलं. कमळाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरी मोकळी जागा. आणि माझ्या हुशारीला एकदम दिसलं की दोन्हीकडे चार-चार फळ्या काळ्या केल्या आणि खाली नाकपुड्यांच्या तीन, तर कमळाचं गाढव होतं. अवघ्या अकरा फळ्या! मास्तरांच्या पद्धतीचा एवढा सुंदर वापर खुद्द मास्तरांनीही केला नव्हता. मी भराभरा सांगितलं. पलीकडे फळ्यांचा खडखडाट, मग पळण्याचा आवाज, मग सुमनचं हसू, असं की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "गाढव! अवं, अस्सल गाढव आहे! डोळेही हसून राहिले त्याचे!"

"आता ते परत..." मी म्हणाले, आणि ऑपरेटरनं सांगितलं की तीन मिनिटं संपली. फोन मुका झाला.

मास्तर परत आले. त्यांच्या कागदावर कमळ होतं. अकोल्याच्या चौकटीवर गाढव होतं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण माझ्या मनानं एक मोठा सोयीस्कर विचार केला: सुमन काही मूर्ख नाही, ती पुसेल की. तिकडे सुमनच्या मनानं तितकाच सोयीस्कर विचार केला: इकडून सांगितल्याशिवाय बोट लावायचं नाही, उद्याच्या यादीत कान काढायचं असेलच. नेम पाळणारी ती, मोडणारी मी. आणि दोघी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉल लागला. मास्तर सांगत होते, मी त्यांच्यासमोर यादी धरून खुणा करत होते. टोपी, चष्मा, मिशी दोन. पलीकडे सुमनचा आवाज मुलींना हुकूम सोडत होता. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत मास्तर म्हणाले, "झालं. ओढा चादर." वकीलसाहेबांनी आपल्या हातानं चादर ओढली असावी, कारण टाळ्या ऐकू आल्या. मग टाळ्या थांबल्या. आणि मग अख्ख्या मांडवाचं हसणं आलं, लाटेसारखं, थांबेचना. त्या हसण्यातच फोन कापला गेला.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. "ऐकलं? लोक खुश होऊन राहिले! मी सांगतो बाई तुमाले, लोकाईले पटलं! आज बाळापूरले तार करतो. नाही, आज नाही, साहेबांची चिठ्ठी येऊ द्या. खोली मात्र आजच पाहतो, अंबादेवीच्या रस्त्यावर एक आहे, मागं आंगण आहे, पोरीले खेळाले..." त्यांना सलग इतकं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं. एक शब्द परत येत होता, दोनदा येत होता, त्यांना पर्वा नव्हती. 

मला तेव्हा कळलं की मी काय केलं आहे. नाकपुड्यांच्या तीन फळ्या मिशीत जिरल्या असतील. पण कानांच्या आठ? कमळात ती जागा पांढरी, वकिलात ती जागा पांढरी. बदल नाही, म्हणून यादीत नाही. त्या आठ फळ्या काळ्याच राहिल्या.

मी सांगितलं. खोली पाहायला निघालेल्या माणसाला दारात थांबवून सांगितलं, आणि सांगताना रडले, म्हणजे निम्मं त्यांना समजलं नसावं. ते परत येऊन बसले. चौकटीचा कागद पुढे ओढला. "ओळ सांग." अहो-जाहो गेलं होतं. मी ओळी सांगितल्या. त्यांनी कमळ काढलं, त्यावर माझ्या अकरा फळ्या, त्यावर आपल्या त्र्याहत्तर. आणि कागदावर वकीलसाहेब आले, काळी टोपी, चष्मा, मिशी, आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना सरळ उभे दोन कान.

त्यांनी तो कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "म्हणजे गाढवही बरोबर पोचलं. पद्धत चुकली नाही." आणि कागदाची घडी घालत म्हणाले, "मीच चुकलो. पाठवल्यावर तिकडं काय दिसते ते रोज एकदा विचाराले पाहिजे होतं." आणि खोली पाहायला गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी निरोप आला: मास्तरांनी अकोल्याला यावं. मी म्हणाले, मी येते. ते म्हणाले, "कायले?" मी म्हणाले, कान माझे आहेत. त्यावर त्यांनी दोन तिकिटं काढली. पॅसेंजरनं गेलो. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मास्तर खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते मोजत होते.

वकीलसाहेबांची बैठक जुन्या शहरात, मजल्यावर. आम्ही उभे. मास्तर म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे."

मी म्हणाले, "खोटं आहे. चूक माझी."

"दोघं एकदम बोलू नका," वकीलसाहेब म्हणाले. "पोरी, तुले कोणी सांगितलं कान लावाले?"

"कोणी नाही."

"मंग कावून लावले?"

"ते कान तुम्हाला लावलेच नव्हते. कमळाला लावले होते."

"कमळाले कान?"

"गंमत म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं; मास्तर बाळापूरच्या गाडीत बसले. वकीलसाहेब मास्तरांकडे वळले. "त्या दिवसापासून मी बाजारात गेलो का पोट्टे कानावर हात ठेवतात. काल कोर्टात जज्जसाहेबही माझ्या टोपीकडे पाहून राहिले होते. पण मी एक विचार केला, मास्तर. मांडवात तीनशे माणूस होता. एकानंही 'हे कोण?' असं विचारलं नाही. कान माझे नाहीत हे ज्याले समजलं, त्याले बाकीचं तोंड माझं आहे हे समजल्याशिवाय समजलं काय? हा पुरावा मले तोडता येत नाही. मी पाहिला तोडून." मग टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "सही करा. कायम. आणि ही पोरगी फोनजवळ दिसली नाही पाहिजे."

मास्तरांनी सही केली. ती त्यांच्या नेहमीच्या सहीपेक्षा लांब होती. बहुधा सगळं नाव लिहिलं असावं.

पंधरा दिवसांनी अंबादेवीच्या रस्त्यावर त्यांचं बिऱ्हाड आलं. मी भीत भीत भेटायला गेले. मागच्या अंगणात एक उंच, सावळ्या बाई धुणं वाळत घालत होत्या, आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी खडूनं जमिनीवर चौकोन आखत होती. दुसरीत जायची होती. पहिली बाळापुरातच झाली होती. मास्तर घरी नव्हते. मी नाव सांगितलं. बाईंनी धोतर झटकलं, दोरीवर टाकलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या:

"अवं बाई, तुमीच का त्या? कान लावाचेच होते तं एक वर्स अगुदर कावून नाही लावले? माही पोरगी पहिलीत इथंच बसली असती."